कामाचा निळा डगला

घरातल्या कपड्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. काही कपडे पेटीत घडी घालून ठेवायचे असतात, आणि काही खुंटीवर टांगायचे असतात. पहिले लग्नकार्याला, सणावाराला बाहेर निघतात. दुसरे रोज अंगावर चढतात. इतिहास लिहिणाऱ्यांनी व पदार्थसंग्रहालये मांडणाऱ्यांनी आजवर पेटीतल्या कपड्यांचीच अधिक कदर केली. राजेरजवाड्यांच्या जरीच्या पोशाखांना काचेच्या कपाटात जागा मिळाली. खुंटीवरच्या सदऱ्याचे मात्र शेवटी पोतेरे झाले. म्हणूनच अशा खुंटीवरच्या एका कपड्याला लोकांनी शोधत फिरावे, त्याच्या ठिगळांची वाखाणणी करावी आणि नव्या कपड्यापेक्षा अधिक दाम मोजून तो विकत घ्यावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे. हा कपडा म्हणजे फ्रान्समधील कामगाराचा निळा डगला होय.

फ्रेंच लोक त्याला ‘ब्ल द त्राव्हाय’ म्हणतात. शब्दशः अर्थ एवढाच, की कामाचा निळा. वस्त्राचे नावसुद्धा त्यात नाही. रंग आणि काम या दोन गोष्टींतच त्याची ओळख पुरी होते. कमरेच्या थोडा खाली येणारा, अंगाला सैल, अस्तर नसलेला असा हा सुती डगला असतो. त्याची गळपट्टी साधी, टोकांना बहुधा गोलसर कापलेली. समोर बहुधा पाच बटणे. बाहेरून शिवलेले तीन खिसे, एक छातीवर आणि दोन खाली, आणि पुष्कळदा आतल्या बाजूस चौथा. त्याच कापडाची सरळ विजार खाली घातली, की कामगाराचा पोशाख पुरा झाला. एवढ्या साध्या वस्तूचे आकर्षण कशात असावे, हे समजण्यासाठी ती कोठून आली ते आधी पाहिले पाहिजे.

या डगल्याचा पूर्वज म्हणजे गुडघ्यापर्यंत येणारा, डोक्यावरून घालायचा एक घोळदार सदरा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील शेतकरी, गाडीवान, बाजारकरी आणि मजूर हे सर्व तो घालीत. त्याचा रंग पुष्कळदा निळाच असे. त्याचे फ्रेंच नाव ‘ब्लूझ’. हाच शब्द इंग्रजीच्या वाटेने मराठीत ‘ब्लाऊज’ होऊन आला आणि येथे स्त्रियांच्या पोलक्याला चिकटला, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. परंतु मूळ ब्लूझ होता तो कष्टकऱ्याचा सदरा, आणि फ्रान्सच्या राजकारणात त्याला एक अर्थही प्राप्त झाला होता.

कपड्यावरून माणसाची पायरी ओळखण्याची सवय त्या देशात जुनी. १७८९ च्या राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसच्या सामान्य जनतेतील क्रांतिकारकांना ‘सां-क्युलोत’ असे नाव पडले. क्युलोत म्हणजे गुडघ्यापाशी संपणारी, खाली मोजे घालून मिरवायची उमरावी तुमान. ती ज्यांच्याकडे नव्हती, जे पायघोळ विजारीत वावरत, ते सां-क्युलोत. पुढे शतकभराने, १८८९ साली, क्रिस्तोफ तिव्हरिए नावाचा लोकप्रतिनिधी पॅरिसच्या कायदेमंडळात निवडून आला. मध्य फ्रान्समधील कोमांत्री या खाणीच्या गावचा हा माणूस लहानपणापासून खाणीत राबलेला होता, आणि १८८२ साली त्या गावाचा नगराध्यक्षही झाला होता. काळ्या कोटांच्या त्या सभागृहात तो आला तो निळा ब्लूझ घालून. त्यावर थट्टा झाली, व्यंगचित्रे निघाली, आणि ‘ब्लूझवाला सभासद’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. आपल्याला ज्यांनी निवडून दिले त्यांचे कपडे सभागृहाच्या दाराबाहेर काढून ठेवायचे कशासाठी, हाच प्रश्न तो सदरा विचारीत होता.

परंतु याच सुमारास ब्लूझचे दिवस भरत आले होते. त्याचे कारण राजकारणात नव्हते, यंत्रात होते. शेतात किंवा बाजारात सैल सदरा सोयीचा असतो. फिरत्या पट्ट्यांच्या आणि दातेरी चाकांच्या कारखान्यात तोच सदरा घातक ठरतो. लोंबणारी बाही किंवा घोळ एकदा पट्ट्यात सापडला, की माणूसच आत ओढला जातो. तेव्हा घोळ गेला आणि सदऱ्याचा आखूड डगला झाला. पुढून उघडणारा असल्यामुळे तो चटकन अंगावर चढवता येई आणि चटकन उतरवताही येई. खिसे बाहेरून शिवले, कारण तसे करणे स्वस्त पडते आणि फाटलेला खिसा बदलणेही सोपे जाते. डगला अंगाला सैल ठेवला, कारण हात डोक्यावर नेताना तो काखेत अडकता कामा नये, आणि थंडीत त्याच्याखाली लोकरीचा गंजीफ्रॉक मावला पाहिजे. त्याच्या घडणीत शिंप्याच्या लहरीला फारसा वाव नव्हता. प्रत्येक शिवणीमागे एकेक कारण होते.

या पोशाखाचा एक प्रकार ‘ब्ल द शोफ’ म्हणून प्रसिद्ध आहे. शोफ म्हणजे भट्टी पेटवणे, तापवणे. आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणाऱ्या माणसाला फ्रेंचमध्ये ‘शोफर’ म्हणत. मोटार चालवणाऱ्याला मराठीत आपण जो शोफर म्हणतो तो हाच शब्द. भट्टीपाशी राबणाऱ्या माणसाचे नाव पुढे मोटारीच्या चक्रापाशी जाऊन बसले. फ्रान्समध्ये रंगांवरूनही धंदे ओळखता येत. यंत्रावर काम करणारे निळ्या कपड्यांत; रंगारी आणि गिलावा करणारे पांढऱ्यात; दुकानदार आणि खेड्यातले शाळामास्तर करड्या रंगाच्या लांब झग्यात; आणि सुतार काळ्या, जाड कॉर्डुरॉयच्या विजारीत. सुताराची ही विजार मांड्यांपाशी ऐसपैस आणि घोट्यापाशी चिंचोळी असे. त्यामुळे वाकताना गुडघे मोकळे राहत आणि परांचीवर चढताना पायांत काही अडकत नसे. पुष्कळ कारखान्यांत मुकादमाचा झगा करडा किंवा पांढरा असे. म्हणजे हुकूम कोणी सोडायचा आणि तो कोणी पाळायचा, हेही रंगावरूनच कळे.

असे कपडे शिवणे हा हळूहळू एक स्वतंत्र उद्योग झाला. ल्यों शहरातील आदोल्फ लाफाँ यांचे नाव १८९० च्या दशकातील, खांद्यावरून पट्टे घेतलेल्या विजारीशी जोडले जाते. नॉर्मंडी आणि ब्रिटनी यांच्या सीमेवरील पाँतोर्सों येथे १९१३ साली एक कारखाना निघाला. जवळच्या समुद्रातील प्रसिद्ध मठाचे, माँ-सँ-मिशेलचे, नाव त्याने आपल्या मालाला दिले. १९२७ साली निघालेल्या ‘व्हेत्रा’ या कंपनीचे नाव तर ‘कामाचे कपडे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे जोडूनच बनवलेले आहे. हे कपडे उंची दुकानांत नसत. आठवड्याच्या बाजारात आणि गावच्या कापडवाल्याकडे ते मिळत.

त्यांचे कापड विशेष लक्ष देण्यासारखे आहे. स्वस्त प्रकारात तिरक्या विणीचे ड्रिल वापरीत. परंतु जाणकार ज्याच्या मागे लागतात ते कापड म्हणजे मोलस्किन. नाव जनावराच्या कातड्याचे, पण कापड निव्वळ सुती. ताणा आणि बाणा यांचे धागे त्यात इतके दाटीने बसवलेले असतात, की वारा सहसा आत शिरत नाही. विणीत एका दिशेचे धागे दुसऱ्या दिशेच्या धाग्यांवरून लांब लांब उड्या घेत जातात. त्यामुळे कापडाची बाहेरची बाजू गुळगुळीत आणि किंचित तुकतुकीत दिसते. नवा मोलस्किनचा डगला पुठ्ठ्यासारखा ताठ असतो. वापराने आणि धुण्याने तो मऊ होत जातो, आणि दहा-वीस वर्षांनी हाताला जुन्या धोतराच्या घडीसारखा लागतो. कापड विरले तरी सहजासहजी फाटत नाही. दाटीच्या विणीचा हा गुण आहे.

आणि आता निळा रंग. हा रंग कामगाराच्या वाट्याला आला त्याचे कारण साधे आहे. तो मळखाऊ आहे, आणि तो स्वस्त झाला. मात्र तो स्वस्त होण्याच्या कथेत भारताचा मोठा भाग आहे. मध्ययुगात फ्रान्सचा निळा रंग तुलूझच्या आसपास पिकणाऱ्या पास्तेल नावाच्या वनस्पतीपासून काढीत. भारतीय नीळ तिच्यापेक्षा कितीतरी कसदार. ती येऊ लागताच देशी पिकाला धोका उत्पन्न झाला, आणि १६०९ साली चौथ्या हेन्री राजाने नीळ वापरणाऱ्यास देहान्ताची शिक्षा फर्मावली. परंतु व्यापार फर्मानांना फार काळ जुमानत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपला लागणाऱ्या निळीचा मोठा वाटा बंगाल आणि बिहार यांनी पुरवला. त्या निळीसाठी रयतेवर जो जुलूम झाला त्यातून १८५९-६० चा बंगालमधील उठाव झाला, आणि १८६० साली दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटक प्रसिद्ध झाले. १८९७ साली जर्मनीतील बी. ए. एस. एफ. या कंपनीने कारखान्यात तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आणली. भाव कोसळले, बिहारातील मळेवाल्यांनी आपल्या तोट्याचा बोजा वाढीव खंडाच्या रूपाने कुळांवर टाकला, आणि १९१७ साली महात्मा गांधी चंपारण्यात गेले. फ्रान्समधल्या कारखान्यात ज्या रंगाने कामगाराचे कपडे रंगत, त्याच रंगाची दुसरी बाजू भारतातल्या शेतात अशी उघडी पडली.

हा संबंध इतकाच नाही. फ्रेंचांच्या ताब्यातील पुदुच्चेरीत एकोणिसाव्या शतकात निळीने रंगवलेले सुती कापड तयार होऊन पश्चिम आफ्रिकेत विक्रीस जाई. आणि मजुरांच्या व खलाशांच्या जाड्याभरड्या कपड्यांना इंग्रजीत जो ‘डंगरी’ शब्द आहे, तो मुंबईतील डोंगरी या वस्तीच्या नावावरून आला असे मानले जाते. जगाच्या बाजारात श्रमिकाच्या कापडाला मुंबईच्या एका पेठेचे नाव मिळाले, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निळीचा एक स्वभाव आहे. ती पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याच्या पिंपात तिचे रूप बदलून ती विरघळणारी करावी लागते. कापड त्या पिंपातून बाहेर काढताना हिरवट-पिवळे दिसते, आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. या रीतीने बसलेला रंग धाग्याच्या पार गाभ्यापर्यंत जात नाही, पुष्कळसा वरच्या थरावरच राहतो. म्हणून जेथे घर्षण अधिक तेथे तो आधी उडतो. १९०१ साली रने बोन या रसायनशास्त्रज्ञाने इंडान्थ्रीन हा अधिक पक्का निळा रंग शोधून काढला, आणि त्यानंतर कामाच्या कपड्यांसाठी असे पक्के रंगही वापरात आले. तरीसुद्धा वर्षानुवर्षांची धुलाई आणि घासणी यांपुढे कोणताच रंग पूर्णपणे टिकत नाही. कोपरापाशी, खिशाच्या काठांवर, गळपट्टीच्या घडीवर डगला फिका होतो. शिवणीच्या आत, जेथे ऊन आणि हात पोचत नाहीत, तेथे तो जुना गडद निळा लपून राहतो. जाणकार मनुष्य डगला हातात घेतो तो आधी शिवण उलगडून पाहतो. पहिल्या दिवशी रंग कसा होता हे तेथे कळते.

फिकेपणाच्या जोडीला ठिगळे असतात. डगला फाटला म्हणून टाकून देण्याची ऐपत कामगाराच्या घरात नव्हती. जुन्या विजारीचा तुकडा कोपरावर बसे, त्याच्यावर काही वर्षांनी दुसरा. अशा एखाद्या डगल्यावर निळ्या रंगाच्या सहा-सात छटा मोजता येतात. त्या कोणी ठरवून जुळवलेल्या नसतात. हाताशी जो तुकडा होता तो लावला, इतकेच. आज ज्याला लोक सौंदर्य म्हणतात ते मूळचे काटकसरीचे काम आहे, आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या सुईने झालेले आहे.

या पोशाखाला मानही मिळाला, पण तो कोणी बहाल केला नाही, मिळवावा लागला. १९३६ च्या मे-जूनमध्ये फ्रान्समधील कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडून संप केले. त्यातून मातिन्यों करार झाला, आणि त्याच उन्हाळ्यातील कायद्यांनी चाळीस तासांचा आठवडा आणि वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कामगारांच्या पदरी पडली. त्यानंतर काही वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर, काही कॅथलिक धर्मगुरू आपला झगा उतरवून निळा डगला घालू लागले. पण तो त्यांनी वेष म्हणून घातला नाही. त्यांनी कारखान्यांत नोकऱ्या धरल्या, पाळ्या केल्या, मजुरीवर पोट भरले. १९५४ साली रोमच्या धर्मपीठाने हा प्रयोग थांबवला आणि १९६५ साली त्याला पुन्हा मर्यादित मुभा दिली. डगल्यासोबत त्याखालचे श्रमही पत्करणारे म्हणून हे लोक ध्यानात ठेवले पाहिजेत.

पुढे काळ फिरला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून फ्रान्समधील अवजड उद्योगांना ओहोटी लागली. संपांसाठी गाजलेला, पॅरिसलगत सेन नदीच्या बेटावरचा रेनो मोटारींचा बियांकूरचा कारखाना १९९२ साली बंद झाला. जे कारखाने उरले त्यांत सुती निळ्या डगल्याची जागा पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाने आणि दुरून चमकणाऱ्या सुरक्षा-पोशाखांनी घेतली. २००८ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक मोटारीत एक झगझगीत पिवळी बंडी ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात इंधनकराविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी तीच बंडी अंगात घातली, आणि चळवळीला तिचेच नाव पडले. तिव्हरिएच्या ब्लूझचे काम सव्वाशे वर्षांनी पिवळ्या बंडीने केले, असे म्हणता येईल.

निळा डगला कारखान्यातून जाऊ लागला तसा तो दुसऱ्या वाटेने परत येऊ लागला. गावोगावच्या जुन्या बाजारांत, बंद पडलेल्या दुकानांच्या माळ्यांवर, शेतघरांच्या कपाटांत पडलेले डगले गोळा होऊ लागले. जपानी संग्राहकांनी त्यांची विशेष कदर केली, आणि मग इंग्लंड-अमेरिकेतही त्यांना मागणी आली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम यांनी या डगल्याला जगभर ओळख दिली. २०१६ साली ते वारले. दशकानुदशके ते सायकलवरून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर लोकांच्या पोशाखांची छायाचित्रे टिपत फिरले, आणि त्यांच्या अंगात असे पॅरिसच्या एका साध्या दुकानातून घेतलेला निळा कामकरी डगला. फाटलेला रेनकोट ते चिकटपट्टीने जोडून वापरीत. २००८ साली फ्रान्सच्या सरकारने त्यांचा सन्मान केला, त्या समारंभालाही ते तोच डगला घालून गेले आणि तेथेही छायाचित्रे काढीत राहिले. त्यांच्या अंगावर तो शोभला, कारण तो त्यांच्याही कामाचाच डगला होता.

तेव्हा या वस्त्राचे आकर्षण कशात आहे? पहिली गोष्ट अशी, की त्यात निरर्थक काही नाही. त्यातला प्रत्येक भाग कशासाठी आहे हे सांगता येते, आणि अशी वस्तू डोळ्यांना समाधान देते. चांगल्या कोयत्याच्या मुठीत किंवा बैलगाडीच्या जुवात जे समाधान असते, तेच. दुसरी गोष्ट, तो कालांतराने बिघडत नाही, घडतो. ऋतूगणिक कपडे जुने ठरवणाऱ्या बाजारात वीस वर्षांनी अधिक चांगला दिसणारा कपडा विरळाच. आणि तिसरी गोष्ट, तो कोणा एका माणसाच्या अंगाच्या वळणाने घडलेला असतो. उजव्या खिशाचा काठ अधिक झिजलेला दिसतो, आणि तो माणूस उजवा होता हे कळते.

परंतु येथेच एक कोडे उभे राहते. ही झीज श्रमाने आलेली आहे, आणि ज्याला ती आवडते त्याने बहुधा ते श्रम केलेले नसतात. बाजाराने यावर स्वतःचा उपाय काढला. झीज आवडते ना, मग ती कारखान्यातच तयार करून देऊ! जीनच्या विजारींना जुनेपणा आणण्यासाठी त्यांच्यावर दाबाने वाळूचा मारा करण्याची पद्धत पडली. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या कोवळ्या वयाच्या मजुरांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाऊन त्यांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडला, कित्येक दगावले. २००९ साली त्या देशाने ही पद्धत बेकायदा ठरवली. श्रमाची खूण नुसती शोभेसाठी हवी, या हौसेपायी श्रम करणाऱ्यांचेच प्राण गेले. यापेक्षा कडू उपहास वस्त्रांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

यावरून जुना डगला कोणी घालू नये असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. खरा जुना डगला घेणारा मनुष्य निदान नवे कापड वाया घालवीत नाही, आणि टाकाऊ ठरलेल्या वस्तूचे आयुष्य वाढवतो. प्रश्न एवढाच, की कापडाविषयी वाटणारा आदर कापडापाशीच थांबावा की त्याच्यापुढे जावा. वस्त्राची झीज ज्याला सुंदर दिसते, त्याला ते वस्त्र झिजवणाऱ्या माणसाची मजुरी, त्याची रजा, त्याची फुप्फुसे यांविषयीही काही वाटले पाहिजे. आणि असा माणूस केवळ जुन्या छायाचित्रात नाही. भट्टीपाशी, परांचीवर, गटारात, शिवणयंत्रावर तो आजही उभा आहे. त्याच्या अंगातले कापड तेवढे बदलले आहे.

जुन्या डगल्याच्या कोपरावर जे ठिगळ असते, ते लावणाऱ्या हाताला जगातल्या संग्राहकांची कल्पनाही नव्हती. तिच्यापुढे एवढेच होते, की सोमवारी सकाळी भोंगा होईल आणि तेव्हा हा डगला अंगात घालण्याजोगा असला पाहिजे. म्हणून तिने टाके जवळजवळ घातले. ते अजून उसवलेले नाहीत.